घोंगड्याच्या घडीतली वही

मु. पो. खडकवाडी, ता. केज
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुकन्या,

काकाचे आशीर्वाद. 'तिकडे सगळे मजेत असाल' असं लिहायची रीत आहे, पण आक्काला अर्धांगाचा झटका येऊन महिना झालेला, मजेत कुठल्या तोंडानं लिहू? एवढंच लिहितो की तू तिला अंबाजोगाईला आपल्या घरी नेलंस हे फार चांगलं केलंस. भाचीच असावी तर अशी. इथं तिला पाण्याचा तांब्या द्यायला माणूस नव्हतं. निम्मं गाव उसाला गेलंय, ते पाडव्याशिवाय परतत नाही. सध्या गावात म्हातारी, कुत्री आणि मी.

पत्र बघून हसशील. खिशात मोबाइल असताना म्हातारा पोस्टाला कामाला लावतो, म्हणशील. पण बाई, फोनवर तू वकिलासारखी विचारतेस. वही मिळाली का, कुठं शोधली, कुणाला विचारलं? मी एकाचं उत्तर जुळवतो तोवर तुझे तीन प्रश्न पुढे. मग मला 'रेंज नाही' म्हणावं लागतं. कागदावर माणूस आपल्या चालीनं चालतो.

तर वहीचं. तू म्हणालीस, आक्का दिवसेंदिवस विसरत चाललीय. तुला कधी आई म्हणते, कधी सिस्टर. मास्तर जाऊन दहा वर्षं झाली तरी त्यांना जेवायला वाढलं का विचारते. पण लाल वही तेवढी तिच्या ध्यानात आहे आणि 'माझं मला वाचून दाखवा' म्हणून ती मागं लागते. डॉक्टरांनी सांगितलं, हेही किती दिवस राहील सांगता येत नाही, जे ऐकवायचं ते आता ऐकवा. मला सगळं कळतंय गं. मेंढरांमागं चालताना तिनं जन्मभर ज्या ओव्या रचल्या त्या सगळ्या त्या एका वहीत. तिला अक्षर येत नव्हतं. तुझे वडील, म्हणजे तिचे भाऊ, आमचे अंगद मास्तर, दर रविवारी तिच्यापुढं मांडी घालून बसायचे. ती सांगायची, ते उतरवून घ्यायचे. एक शब्द इकडचा तिकडं केला तर ती ओळखायची आणि पुन्हा लिहायला लावायची. मास्तरांची सहा पुस्तकं निघाली, शाली मिळाल्या, नारळ मिळाले, तरी ते म्हणायचे, "घरातला कवी दुसराच हाय. मी नुसता कारकून." आणि आक्का म्हणायची, "माझं मी हाय तवर छापायचं न्हाई. लोक हसत्याल." म्हणून प्रत कधी झाली नाही.

शोध चालू आहे. शाळेच्या वऱ्हांड्यात दोन पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांच्या किल्ल्या हेडमास्तरांकडे, आणि हेडमास्तर ट्रेनिंगला. पंचायतीचा माळाही बघायचाय. गुडघा बरा झाला की चढतो. तू काळजी करू नकोस. वही ठेवली होती ते गावचं संग्रहालय उघडं होतं तोवर त्यातली एकेक चीज मी पोटच्या लेकरासारखी जपली, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस.

आक्काला सांग, गहिन्या शोधतोय.

तुझा
गहिनीनाथकाका

ता. क. : केजच्या जीपवाल्याजवळ हुरडा दिलाय. आक्काला चावत नसेल तर तूच खा.


खडकवाडी
३ मार्च २०२५

चि. सुकन्या,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "काका, पाकीट जड हाय." मी म्हटलं, राग भरलेला असणार. उघडलं तर तसंच.

तू लिहितेस की पेट्या आणि माळा पुरे झाले, वही महारुद्रअप्पांनीच रद्दीत घातली, आणि अप्पा वारले असले तरी तुझ्या मनातून ते उतरलेच. रविवारी स्वतः येऊन गाव पालथं घालते म्हणतेस. येऊ नकोस. रस्ता खणून ठेवलाय, आणि आक्काला सोडून एक दिवस घालवावा असं इथं काही उरलेलं नाही.

तू शिकायला आणि पुढं नोकरीला बाहेर राहिलीस. संग्रहालय कसं झालं आणि कसं गेलं, हे तुला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक. एकदा नीट सांगतो, म्हणजे अप्पांवरचा राग थोडा निवळेल.

दोन हजार अकरा साली गावानं ठरवलं की मास्तरांचा अर्धपुतळा बसवायचा. मास्तर ग्रामसभेत उभे राहिले. म्हणाले, "मी जित्ता असताना माझा पुतळा कावून? कावळ्यांची सोय व्हावी म्हणून? बसवायचंच असंल तर माझ्या घरच्यांना बसवा. मी जे लिवलं ते त्यांचंच ऐकून लिवलं." सगळे हसले. पण सरपंच महारुद्रअप्पांनी ते मनावर घेतलं. वाणी माणूस, दुकानदारीत हाडाचा पक्का, पण मास्तरांपुढं लोण्यासारखा. जनावरांचा जुना दवाखाना रिकामा पडला होता. तो झाडून घेतला, चुना दिला, दारावर पाटी लावली : 'कविकुटुंब संग्रहालय'. चार महिने फिनेलचा वास गेला नाही.

आत काय होतं? तुझ्या आजोबांची काठी आणि लोकर कातरायची कातर. तुझ्या आजीची, मंजुळाबाईंची, सूत काढायची चाती आणि तिचं काळं घोंगडं. तुझ्या आईची शिवणाची पेटी. आणि आक्काची वही. कवीची म्हणून एकच वस्तू, तीही कोपऱ्यात : बसायचं पोतं. काचेचं कपाट अप्पांनी दुकानातलं दिलं. त्यात आधी बालूशाही असायची, त्यामुळं पहिलं वर्षभर मुंग्यांनाच संग्रहालयाची जास्त ओढ. घोंगड्याची घडी कपाटात मधोमध, आणि वही त्या घडीवर. मास्तरांनी स्वतः मांडली. म्हणाले, "आईच्या मांडीवर बसल्यासारखी दिसाया पायजे." मी तेव्हा शाळेत शिपाई होतो. किल्ली माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "गहिन्या, तू धनगराचा हायेस, तुला ह्या वस्तू कळत्यात. शिकलेल्या माणसाला दिली तर तो नुसता धूळ झाडंल."

शाळांच्या सहली यायच्या. पोरं काचेला नाकं लावून ओरडायची, "ह्ये तर आमच्या घरी बी हाय!" गुरुजी त्यांना दटावायचे आणि मास्तर गुरुजींना दटावायचे. आक्का दर अमावास्येला यायची. कपाट उघडायला लावायची. वहीकडं बघायचीसुद्धा नाही, घोंगड्यात तोंड खुपसायची आणि वास घ्यायची. "हाय अजून," म्हणायची आणि जायची.

मास्तर पंधरा साली गेले. तरी पाच वर्षं मी कुलूप उघडत राहिलो. मग लॉकडाऊन. मग पंचायतीला रेशनचं धान्य ठेवायला खोली हवी झाली. एका दुपारी अप्पांची ट्रॉली लागली, सामान शाळेच्या वऱ्हांड्यात गेलं. वऱ्हांड्यातून कुठं कुठं गेलं त्याला हिशेब नाही. शिवणाची पेटी अंगणवाडीत दिसली. तुझ्या आजोबांची काठी सिदूच्या हातात पाहिली, शेळ्या हाकत होता. मी मागितली नाही. म्हटलं, निदान ती कामात आहे.

आणि त्याच्यानंतर तू आलीस. खोलीत गव्हाची पोती बघितलीस, पाटी उलटी करून दाराला टेकू लावलेली बघितलीस, आणि तशीच अप्पांच्या दुकानात गेलीस. भरल्या दुकानात तू त्यांना म्हणालीस, "माझ्या आत्याचा जन्म तुम्ही रद्दीत घातला." अप्पा तराजूत साखर घालत होते. पारडं धरून तसेच उभे राहिले. म्हणाले, "पोरी, म्या वहीला हात लावला न्हाई." तू ऐकलं नाहीस. कसं ऐकणार? मी दाराशीच होतो.

सुकन्या, अप्पांचा एवढाच दोष की त्यांनी ट्रॉली दिली. वही त्यांनी घालवली नाही. हे मी बिरोबाच्या पायावर हात ठेवून सांगतो. कसं सांगतो ते विचारू नकोस.

गुडघा तसाच आहे. आक्काचं काय ते कळव. जेवते का?

तुझा
गहिनीनाथकाका


खडकवाडी
२७ मार्च २०२५

सुकन्या,

आज रीतीचं काही लिहीत नाही. फोनवर मला खोटं जमतं, समोर बसून तर फारच चांगलं जमतं. कागदावर दोन वेळा प्रयत्न केला, तू वाचलासच. आता ह्या कागदावर ते करत नाही. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहितोय.

शाळेच्या पेटीत वही नाही. माळ्यावर नाही. मी कुठंच शोधलेलं नाही, कारण ती कुठं गेली हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे.

दोन हजार अठराच्या जेठात आक्का आली, घोंगड्यात तोंड घातलं आणि म्हणाली, "गहिन्या, मऊ पडलंय रं. आईचं घोंगडं असं कधी लोळत नव्हतं." मला लागलं ते. आमच्यात घोंगडं मऊ पडलं की त्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, दळायचे, शिजवून चिकट लापशी, म्हणजे चिकी, करायची, ती घोंगड्याला चोळायची, उन्हात वाळवायचं. मग ते ताठ राहतं, पाणी आत घेत नाही. माझा बाप दर साल पावसाच्या तोंडाला हे करायचा. तू त्याच वर्षी डांबराच्या गोळ्या पाठवल्या होत्यास आणि लिहिलं होतंस, 'काका, कपाटात ह्या ठेवा, बाकी कशाला हात लावू नका.' मला हसू आलं. म्हटलं, कालेजातल्या बाईनं मला घोंगडं शिकवावं! गोळ्यांच्या वासानं आजीचा वास मरेल, आक्काला काय हुंगायला देऊ? गोळ्या बाहेर काढल्या. घोंगड्याला खळ दिली. मन लावून दिली. एक दिवस ऊन दिलं, दुसऱ्या दिवशी आभाळ आलं, तेव्हा घाईनं घडी घातली. मधे थोडं ओलसर असेल. मुंग्या येऊ नयेत म्हणून कपाटाच्या फटी मेणानं बुजवल्या. वही घडीवर न ठेवता घडीच्या आत ठेवली, मास्तरांपेक्षाही चांगली, म्हणजे ओल लागणार नाही. ही माझी अक्कल.

घोंगडं रानात वापरात असतं, त्याला ऊन-वारा लागतो, म्हणून खळ त्याला सोसते. बंद काचेत ठेवायचं घोंगडं माझ्या बापानंही कधी पाहिलं नव्हतं. मला ते सुचायला हवं होतं.

त्या पावसाळ्यात आक्काचा पाय मोडला, ती आली नाही, आणि मीही कपाट उघडलं नाही. दिवाळीला उघडलं. मेणाच्या आत ओल, ओलीत ती गोड चिकी, आणि मागच्या लाकडातून आलेली वाळवी. घोंगडं उचललं तर हातात चाळण आली. वहीचा लाल पुठ्ठा धड होता. मी देवाचं नाव घेतलं आणि तो उघडला. आत माती होती, सुकन्या. ओल्या मातीची वडी. मास्तरांचं अक्षर एका कोपऱ्यात दोन बोटं उरलं होतं, तेही वाचता येत नव्हतं.

मी बाहेर येऊन कडी लावली. खाली बसलो. रडलो नाही, आधी पाहिलं की कुणी बघितलं तर नाही. हे तुला मुद्दाम सांगतो, म्हणजे माझ्याबद्दल तुझा गैरसमज राहू नये.

जे उरलं ते बाभळीखाली पुरलं. केजला जाऊन तसलीच लाल पुठ्ठ्याची वही आणली, बाजारातून एक काळं घोंगडं आणलं, आणि घडी जुळवून कपाटात मांडलं. कपाटाला कुलूप लावलं आणि सांगितलं की त्याची किल्ली हरवली, काचेतून बघा. एकोणीस साली मास्तरांच्या पुण्यतिथीला तू आलीस आणि त्या कोऱ्या वहीपुढं हात जोडून उभी राहिलीस. डोळे मिटले होतेस. मी तुझ्याशेजारी उभा होतो. आक्काही पाय ओढत आली. काचेला नाक लावलं, आणि "वास यीना" म्हणाली. मी म्हटलं, काच हाय ना मधी.

म्हणून तू खात्रीनं म्हणू शकलीस की ट्रॉली लागली तेव्हा वही होती. म्हणून अप्पा चोर ठरले. गेल्या श्रावणात अप्पांचं दुखणं फार झालं होतं. मला बोलावलं. हात धरून म्हणाले, "गहिनीनाथ, आता जाताना खोटं बोलत न्हाई. म्या खरंच हात लावला न्हाई बे त्या वहीला." मी म्हटलं, "म्हाईत हाय अप्पा." त्यांना बरं वाटलं. एका तरी माणसाचा विश्वास आहे असं त्यांना वाटलं. मी त्यांच्या उशाशी बसून तेवढंसुद्धा लुबाडलं.

आता मागच्या गुरुवारचं. तू कॉलेजात असताना आक्काजवळ बसणाऱ्या बबितानं तुला सांगितलं असेल की खेड्यातले कुणी काका आले होते आणि चहा न घेता गेले. तो मी. गुरुवारी तुझे तास चारपर्यंत असतात, हे बघूनच आलो. त्या ट्रॉलीच्या आदल्या दिवशी मी ती कोरी वही घरी आणून ठेवली होती, ती पिशवीत घातली. माझा बेत काय होता ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. म्हटलं, आक्का सगळं विसरतेय. तिला चार ओळी ओवीच्या ऐकवल्या तर तिला कुठलं कळतंय? लहानपणापासून मीही ऐकलंय की. तिचं तंतोतंत आठवेना, मी फार प्रयत्न केला, अमुक एका ओवीत पाडसाचं काही होतं, एकीत विहिरीचं, पण शब्द येईनात. तेव्हा जीपमध्ये बसल्याबसल्या मी स्वतःच जुळवलं. तिला शेवटचं समाधान मिळेल आणि मीही सुटेन.

बबिता मला आत नेऊन स्वयंपाकघरात गेली. आक्का केवढीशी झालीय! तिनं मला ओळखलं. तुला सिस्टर म्हणते आणि मला ओळखलं, हे काय देवाचं गणित? म्हणाली, "गहिन्या, वही आणलीस?"

"आणली आक्का."

"वाच मग."

मी वही उघडली. कोऱ्या पानावर बोट ठेवून वाचलं,

मेंढरांच्या मागं जाता
पायी मोडला गं काटा
अंगद माझ्या भावाच्या
सोन्याच्या गं झाल्या वाटा

आक्का डोळे मिटून ऐकत होती. चांगला हात चादरीवर तालात हलत होता. मला वाटलं, जमलं. मग हात थांबला.

"ह्ये माझं न्हाई."

मी म्हटलं, "तुजंच हाय आक्का, तू इसरलीस."

"माझं न्हाई. म्या सोनं कवा पाह्यलं? माझ्यात सोनं न्हाई कुठंच." मग माझ्याकडं वळून बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुजं हाय व्हय? बरं जुळलंय. लिवत जा." आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. "आता माझं वाच."

मी पान उलटलं. पुढचं उलटलं. पानांचा आवाज ती ऐकत होती. वाट बघत होती. त्या खोलीत मी किती वेळ कोरी पानं उलटत बसलो मला सांगता येणार नाही. शेवटी म्हणालो, "आक्का, चष्मा घरी इसरलो. आता घिऊन येतो." चष्मा माझ्या नाकावर होता.

ती म्हणाली, "जा मग, लौकर ये. मी जागी ऱ्हाते."

मी निघून आलो. जिना उतरताना बबिता वरून हाक मारत होती, चहा टाकलाय म्हणून. स्टँडवर समोर उभी असलेली एस.टी. धरली. ती केजला जाते की लातूरला, तेही बघितलं नाही.

काल बबिताचा फोन आला. तिनं माझा नंबर तुझ्या डायरीतून घेतला म्हणे. "काका, तुमी काय सांगून गेलतात? आत्या दुपारच्या डोळाच लावीनात. मान पडाया लागली की दचकून उठत्यात. झोपा म्हटलं तर म्हंत्यात, गहिन्या चष्मा आणाया गेलाय, वाचायचं राह्यलंय." तू कॉलेजात असतेस म्हणून तुला हे दिसत नाही, आणि तुला घोर नको म्हणून तिनं सांगितलं नाही. तिचं मला विचारणं एवढंच होतं की मी येणार कधी.

मी कधी येऊ, सुकन्या? आलो तर ती 'वाच' म्हणेल. नाही आलो तर ती जागी राहील. वही गेली म्हणून सांगावं तर तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागेल, दर खेपेला ते नव्यानं कळेल. तिला काहीच आठवेनासं होऊ दे म्हणून मी बिरोबापुढं उभा राहिलो होतो. काय मागायला आलो हे ध्यानात आल्यावर उलट्या पावली फिरलो.

मी माफी मागत नाही. तुझ्या आत्याच्या जन्माची माफी कुणाकडं मागायची? तुला, अप्पांच्या घरच्यांना, की तिला? तू अप्पांच्या लेकाला, मृत्युंजयला, हे पत्र दाखव. तेवढं माझ्यानं स्वतः होणार नाही, पण तू दाखवलंस तर मी दुकानासमोरून जायचं टाळणार नाही.

आणि आजपासून दुपारी तुला रजा मिळत असेल तर घे. तिच्याजवळ बैस आणि तिला झोपव. कसं झोपवशील, काय सांगून झोपवशील, ते मला सुचत नाही. मी कालपासून हाच एक विचार करतोय.

तुझा
(इथं दर वेळी 'काका' लिहीत आलो. आज नाव तेवढं लिहितो. पुढचं तू ठरव.)
गहिनीनाथ